आधी वही उघडा, मग यंत्र घ्या

घरचा धंदा अडचणीत आला की चहूकडून एकच सल्ला मिळतो: कर्ज काढा, नवं मशीन घ्या. डहाणू तालुक्यातल्या गंजाडला बाबांचा स्क्रीन प्रिंटिंगचा कारखाना मी हाती घेतला तेव्हा मलाही तो भरपूर मिळाला. अशी छपाईची घरं गावोगाव आहेत. त्यांच्या पुढच्या पिढीला मला कळकळीने सांगायचं आहे की आधी उधारी आवरा, मग दर ठरवा, मग आपलं काम कोणतं ते ओळखा. यंत्राचा विचार त्यानंतर.

बाबांचा हात सफाईचा. लग्नपत्रिका, कापडी फलक, दुकानांच्या पिशव्या, खेळाडूंचे गणवेश, सगळं ते छापत. फ्लेक्स आलं आणि कापडी फलक संपले. आमंत्रणं मोबाइलवर गेली, तशा पत्रिका कमी झाल्या. 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत नॉनवोव्हन पिशव्याही आल्या आणि ते काम एका फटक्यात बसलं. बाजार गेला, असं घरात सगळे म्हणत. वही उघडल्यावर दुसरी बाजू दिसली. झालेल्या कामाचेच पैसे आले नव्हते. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने हंगामभराचा माल उचलला होता आणि ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत टोलवत होता. कामगारांची मजुरी आणि शाईवाल्याचं बिल मात्र कधी थांबलं नव्हतं.

म्हणून कारखाना हाती घेताना प्रत्येक येणं तारखेनिशी लिहून काढा. सर्वांत जुनं वर घ्या. वसुलीला वडिलांना सोबत न्या, कारण माल त्यांच्या शब्दावर गेला होता आणि त्यांच्यासमोर नाही म्हणणं लोकांना जड जातं. नव्या कामाला निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली माल उचलताना. ओळखीच्यांनाही हाच नियम लावा. चार जण नाराज होतील, पण त्यातले चांगले परत येतात. उद्यम नोंदणी लगेच करून घ्या. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणीआधीच्या मालाला हा आधार सहसा मिळत नाही, म्हणून उशीर करू नका. बिल आणि सही घेतलेलं चलान जपून ठेवा. त्याशिवाय कायदाही तुमच्या बाजूने बोलू शकत नाही.

घरातलाही कागद करा. जागा कोणाच्या नावे, वीजमीटर कोणाचा, जुनं कर्ज कोण फेडणार, भावाबहिणींचा वाटा काय, हे धंदा मंदीत असतानाच लिहून घ्यावं. चार पैसे दिसू लागले की हीच बोलणी कडू होतात.

आता दर. शेजारचा जितक्यात छापतो त्याहून रुपया कमी, असा दर लावणारा कारखाना हळूहळू आपलंच भांडवल खातो. फिल्म, जाळीला लावायचं इमल्शन, शाई, वीज, वाया गेलेले नग, जागेचं भाडं (जागा स्वतःची असली तरी) आणि घरच्या माणसाची मजुरी, सगळं धरा. स्क्रीन बनवायचा खर्च 50 नगांना जितका, तितकाच 500 नगांना. त्यामुळे थोड्या नगांचं, बहुरंगी काम डीटीएफवाल्याकडे, म्हणजे फिल्मवर छापून ते कापडावर उतरवणाऱ्याकडे पाठवा. मोठ्या संख्येचं, एकदोन रंगांचं, पुष्कळ धुलाया सोसणारं काम आपलं.

आमच्या भागात असं काम आहे. 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन, आणि त्या दिवशी डहाणू-तलासरीत गावागावांतून तरुण मंडळी एकसारखे टी-शर्ट घालून निघतात. त्यावर वारली चित्रं असतात: तारपा हे वाद्य, फेर धरलेली माणसं. पण हा हंगाम ऐन पावसात येतो. दमट हवेत इमल्शन वरून सुकल्यासारखं वाटतं, आत ओलं राहतं आणि धुताना जाळीवरून निघून येतं. म्हणून स्क्रीन आधीच करून ठेवाव्यात आणि इमल्शन लावलेल्या फ्रेम बंद, अंधाऱ्या, कोरड्या कपाटात सुकवाव्यात.

वारली चित्र छापणं सोपं वाटतं, ते तसं नाही. बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाची ओढलेली रेघ कुठे जाड, कुठे केसासारखी. गेरूच्या रंगाच्या कापडावर पांढरं उठून दिसायला शाई भरपूर उतरावी लागते. जाळी फार बारीक घेतली तर पांढरं फिकं पडतं. फार मोकळी घेतली तर माणसाचे दोन पाय एकमेकांना चिकटतात. कापडाला सेंटिमीटरला 43 ते 55 धाग्यांची जाळी बरी. पत्रिकांची 120 ची इथे चालत नाही. एक हात मारून वरवर सुकवा आणि त्याच जागी दुसरा हात द्या. प्लास्टिसॉल शाई असेल तर तिचा अख्खा थर 160 अंशांपर्यंत तापायला हवा, नाहीतर छाप पहिल्या धुलाईत तडकते. नमुना ताणून, धुऊन पाहिल्याशिवाय ऑर्डर सुरू करू नका.

आणि चित्र कोणाचं, हे विचारा. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे याच गंजाडच्या कळंबीपाड्यात राहून चित्रं काढत. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावात नेटवरून उचललेलं चित्र छापणं शोभत नाही. आम्ही पाड्यावरच्या चित्रकाराकडून चित्र काढून घेतो, त्याचे पैसे आधी देतो, पुन्हा छापलं तर पुन्हा देतो आणि हे दोन ओळींत लिहून ठेवतो. छापील मालावर ‘छापील’ असंच लिहितो, हाताने काढलेलं म्हणून विकत नाही. लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकातली पालघाट देवी कपड्यावर छापायची वेळ आली तर आधी गावातल्या जाणत्या बायकांना विचारतो. त्या नको म्हणाल्या तर नको. गिऱ्हाइकाला ही नावं, ही गोष्ट सांगितली की दराची घासाघीस कमी होते, हा माझा अनुभव आहे.

शेवटी सांडपाणी. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. जुन्या पद्धतीच्या इमल्शनमधला बायक्रोमेट हा क्रोमियमचा विषारी क्षार, तो हातालाही वाईट आणि ओहोळालाही. डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन थोडं महाग पडतं, पण तेच वापरा. कामगाराला हातमोजे द्या. शाईचा गाळ ओढ्यात सोडू नका.

कारखाना सांभाळणं म्हणजे वडिलांचं सगळं तसंच चालवणं नव्हे. त्यांचा हात, त्यांची माणसं आणि त्यांचं नाव ठेवा. उधारी, अंदाजाने लावलेले दर आणि तोंडी व्यवहार सोडा. सलग दोन हंगाम मजुरी वेळेवर गेली आणि वहीत शिल्लक दिसली, की मग मशीनवाल्याला बोलवा. तेव्हा त्याच्याशी तुम्ही गरजू म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून बोलाल.