दलदलीतील कासवांचे नवे घर

हवामान बदलल्यामुळे मूळ अधिवासात टिकाव न धरू शकणाऱ्या प्राण्यास माणसाने उचलून दुसरीकडे नेऊन वसवावे काय, हा प्रश्न पश्चिम ऑस्ट्रेलियात प्रत्यक्ष कृतीच्या पातळीवर आला आहे. निमित्त आहे जेमतेम १५ सेंटिमीटर लांबीच्या एका कासवाचे.

पर्थ शहराजवळील दलदलीत राहणारे हे कासव नामशेष झाले असे मानले जात असे. १९५३ साली ते पुन्हा आढळले आणि १९६२ साली त्याच्यासाठी दोन राखीव क्षेत्रे निर्माण करण्यात आली. तेथे पाऊस हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडील पावसाळ्याच्याच महिन्यांत पडतो. त्या पावसाने साचलेल्या उथळ पाण्यातच हे कासव खाते व वाढते. पाणी आटले की जमिनीत अथवा पालापाचोळ्याखाली निपचित पडून राहते. पहिल्या उन्हाळ्यापूर्वी पुरेसे वजन न गाठलेले पिलू सहसा वाचत नाही. पाणी किती दिवस टिकते, यावरच सारे अवलंबून! १९७० नंतर त्या प्रदेशातील हिवाळी पाऊस घटत गेला. एका राखीव क्षेत्रात तर कूपनलिकेचे पाणी सोडावे लागते.

पर्थ येथील प्राणिसंग्रहालयात या कासवांची पैदास करण्यात येते. ऑगस्ट २०१६ मध्ये तेथील २४ लहान कासवे सुमारे ३०० किलोमीटर दक्षिणेस, दोन ठिकाणी सोडण्यात आली. दक्षिणेत पाऊस अधिक, परंतु पाणी थंड. आणि थंड पाण्यात कासवाची भूक व वाढ मंदावते. म्हणून कासवांना रेडिओ प्रेषक बसवून त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले.

स्थलांतरास विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. उसावरील भुंगेरे खाण्यासाठी १९३५ साली याच देशाच्या क्वीन्सलँड प्रांतात परदेशी भेक आणण्यात आला. भुंगेरे राहिले, भेक मात्र सर्वत्र पसरला आणि त्याच्या विषाने स्थानिक प्राणी दगावू लागले. शोभेसाठी आणलेली घाणेरी आपल्या रानांत कशी माजली, हे महाराष्ट्रातील वाचकांना वेगळे सांगावयास नको. मूळ क्षेत्राबाहेर प्राणी नेण्यापूर्वी जोखमीची कसून तपासणी व्हावी, असे आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वे म्हणूनच सांगतात. अत्यंत मंद गतीने वाढणारे हे कासव भेकासारखे फोफावण्याची शक्यता अर्थातच फार कमी.

प्रौढ होण्यास त्यास बहुधा दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. नव्या पाणथळीत त्यांची पुढची पिढी वाढल्याखेरीज प्रयोग यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. तोवर पर्थजवळील जुन्या दलदली राखणे भागच आहे.