नगर उभारणाऱ्याची दृष्टी : संगणकावरील नगररचनेच्या खेळाचा एक अभ्यास

संगणक कक्षातील एक लहानसा प्रसंग या लेखाचे निमित्त आहे. आठवीतील एक विद्यार्थी संगणकावर नगर वसविण्याचा खेळ खेळत होता. नदीकाठी त्याने घरे आखली, पलीकडे थोडे कारखाने ठेवले, वीज नेली, रस्ते जोडले. काही वेळ नगर वाढत गेले. नंतर एकेक वस्ती ओस पडू लागली. शेजारी बसलेल्या मित्राने विचारले, "हे लोकं कुठं चालले रे?" पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "काम नाई ना गावात, म्हनून चालले. माह्ये मायबाप नाई का जात दिवाळीनंतर, तसे."

रोजगार आणि लोकसंख्या यांचा संबंध नगररचनेच्या ग्रंथांतून अनेक पृष्ठे खर्चून समजावून दिला जातो. धारणी तालुक्यातील या मुलाला तो घरातूनच ठाऊक होता. मात्र त्याच मुलाने खेळाच्या आरंभी जंगलाचा एक मोठा पट्टा क्षणार्धात सपाट केला होता आणि त्याचे त्याला काहीच वाटले नव्हते. एक गोष्ट त्याच्या चटकन ध्यानात यावी आणि दुसरी दिसूही नये, असे का झाले असावे? या प्रश्नाचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मुलांच्या हातातील खेळांविषयी आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या मनात जी शंका असते, तिलाही यातून काही उत्तर मिळेल, अशी आशा आहे.

खेळाची ओळख

या प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'सिमसिटी' होय. अमेरिकेतील विल राइट यांनी तो रचला आणि १९८९ मध्ये तो बाजारात आला. त्यापूर्वी राइट बॉम्बफेकीचा एक खेळ तयार करीत होते. त्यासाठी बेटे आणि त्यांवरील गावे रेखाटताना ती उद्ध्वस्त करण्यापेक्षा उभारण्यातच अधिक आनंद आहे, असे त्यांना आढळले. नव्या खेळाचा उगम या अनुभवातून झाला. त्यात शत्रू नाही आणि ठराविक शेवटही नाही. खेळणाऱ्याला एक भूभाग आणि मोजकी रक्कम मिळते. सोप्या पातळीवर वीस हजार डॉलर, तर कठीण पातळीवर पाच हजार. त्यातून निवास, व्यापार आणि उद्योग यांचे पट्टे आखावयाचे, वीजकेंद्र उभारावयाचे, रस्ते व लोहमार्ग टाकावयाचे, कर ठरवावयाचा आणि पोलीस व अग्निशमन यांवर खर्च करावयाचा. घरे मात्र खेळणारा बांधीत नाही. परिस्थिती अनुकूल असली तर माणसे आपण होऊन येतात, प्रतिकूल झाली की निघून जातात.

राइट यांना दिशा मिळाली ती जे फॉरेस्टर यांच्या १९६९ च्या 'अर्बन डायनॅमिक्स' या ग्रंथातून. संपूर्ण शहर गणिती समीकरणांत मांडता येईल, अशी फॉरेस्टर यांची धारणा होती. या परंपरेतील अलीकडचा गाजलेला खेळ म्हणजे फिनलंडमधील कलोसल ऑर्डर या छोट्या संस्थेने २०१५ मध्ये आणलेला 'सिटीज : स्कायलाइन्स'.

शाळेच्या दृष्टीने आणखी एक माहिती महत्त्वाची आहे. प्रत्येक मुलाला एक स्वस्त संगणक मिळावा, या हेतूने चाललेल्या जागतिक योजनेसाठी मूळ 'सिमसिटी' २००८ मध्ये 'मायक्रोपोलिस' या नावाने मुक्त करण्यात आला. या योजनेचा भारतातील आरंभीचा एक प्रयोग आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाडा येथील लहानशा शाळेत, २००७ साली झाला होता. मायक्रोपोलिस विनामूल्य आहे आणि साध्या, जुन्या संगणकावरही चालतो. भ्रमणध्वनीवरील नगररचनेचे कित्येक खेळ मुलांना तासन्‌तास ताटकळत ठेवून पैसे खर्च करावयास लावतात. पालकांचा रोष बहुधा त्यांच्यावर असतो आणि तो योग्यच आहे. प्रस्तुत विवेचन त्या खेळांविषयी नाही.

खेळ काय शिकवितो

या खेळातून पहिली शिकवण मिळते ती कार्यकारणभावाची. कारखाना घरांच्या शेजारी आला की धूर वाढतो, धुरामुळे जमिनीचे मोल घटते, मोल घटले की करांचे उत्पन्न कमी होते, उत्पन्न घटले की रस्त्यांची दुरुस्ती थांबते, आणि रस्ते बिघडले की व्यापार मंदावतो. कर वाढविला तर तिजोरी भरते, परंतु माणसे निघून जातात. कोणतीही गोष्ट एकटी घडत नाही. एकीचे असणे दुसरीच्या असण्यावर अवलंबून असते. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त आपल्या वसतिगृहातील मुले वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकतात. येथे त्यांना त्याचा एक व्यावहारिक दाखला स्वतःच्या हातांनी घडविता येतो.

दुसरी शिकवण मर्यादेची. पैसा मोजका, जागा मोजकी. रुग्णालय आधी की रस्ता आधी, हा प्रश्न धारणीच्या नगरपंचायतीपुढे जसा असतो, तसाच या मुलापुढेही असतो. ज्याने एकदा हा हिशेब मांडला, तो पुढे ग्रामसभेत बसला की 'पैसे गेले कुठे?' एवढेच विचारून थांबणार नाही. 'कशासाठी, कशाच्या ऐवजी?' हेही विचारील.

खेळ काय दाखवीत नाही

प्रत्येक नकाशा काही दाखवितो आणि काही वगळतो. या खेळातील तीन वगळणुका विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

पहिली म्हणजे खेळातील नियम निसर्गाने केलेले नाहीत. ते कोणा माणसाने लिहिलेले आहेत. फॉरेस्टर यांच्या समीकरणांतून गरिबांसाठी घरे बांधल्याने शहराचे नुकसान होते, असा निष्कर्ष निघाला आणि त्यावर अभ्यासकांनी कठोर टीका केली. यंत्राने दिलेले उत्तर हे यंत्रात आधी घातलेल्या गृहीतकांचे उत्तर असते. २०१३ च्या 'सिमसिटी'च्या रचनाकारांना असे आढळले की, वाहने उभी करण्याच्या जागा प्रत्यक्षाप्रमाणे दाखविल्या तर नगरात वाहनतळच फार दिसतील. म्हणून त्यांनी त्या जागा बहुतांशी वगळल्या. खेळातील शहर सुंदर दिसते, त्याचे हे एक कारण आहे.

दुसरी वगळणूक अधिक गंभीर आहे. खेळात माणसांची संख्या असते, माणसे नसतात. फिलिपिन्समधील वास्तुशास्त्राचा विद्यार्थी व्हिन्सेंट ओकास्ला याने 'सिमसिटी ३०००' या आवृत्तीत 'मॅग्नासान्ती' नावाचे नगर कित्येक वर्षांच्या परिश्रमाने रचले आणि २०१० मध्ये जगापुढे ठेवले. त्यात साठ लक्ष लोक राहत होते आणि खेळाच्या हिशेबाने ते नगर पन्नास हजार वर्षे स्थिर राहिले. त्याची आखणी करताना ओकास्लाने बौद्ध परंपरेतील भवचक्राच्या आकृतीचा आधार घेतला होता, हे आपणां सर्वांना विशेष वाटेल. परंतु त्या नगरात रुग्णालये नव्हती, पोलीस मात्र जागोजागी होते, आणि माणसे पन्नाशीच्या आसपास मरत होती. खेळाच्या मोजपट्टीवर ते नगर सर्वश्रेष्ठ ठरले. केवळ लोकसंख्या वाढविणे हे ध्येय मानले तर आपण कोठे पोहोचतो, हेच ओकास्लाला दाखवून द्यावयाचे होते. भवचक्र हे तृष्णेने बद्ध झालेल्या जीवनाचे चित्र आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्याचा आशय निराळा सांगावा लागणार नाही.

तिसरी वगळणूक भूमीची आहे. खेळाची भूमी नेहमी रिकामी असते. झाडी असते, पाणी असते, पण तेथे आधीपासून राहणारे कोणी नसते. मूळ खेळात झाडीचा एक चौकोन साफ करावयास एक डॉलर लागतो. मेळघाटातील मुलाने ती किंमत पाहिली आणि पुढे गेला, कारण त्या चौकोनात मोह नव्हता, तेंदू नव्हता, गाव नव्हते, देवस्थान नव्हते.

आपल्या देशाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खेळात पट्टे पडतात ते उपयोगानुसार : येथे घरे, तेथे दुकाने. आपल्या गावांत मात्र फार पूर्वीपासून पट्टे पडले ते जातीनुसार. गावठाण एकीकडे, महारवाडा वेशीबाहेर, पाणवठे वेगळे. ती आखणी कोणत्याही कागदावर नव्हती, तरीही ती मोडणे नकाशा पुसण्याइतके सोपे नव्हते. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना संविधान सभेत १९४८ मध्ये ठाम विरोध केला. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी शहराची वाट धरली ती पोटासाठी, आणि तितकीच त्या आखणीतून सुटण्यासाठी.

रिकाम्या भूमीचा भ्रम : नवी मुंबई

खऱ्या जीवनात असा खेळ मोठ्या प्रमाणावर झाला तो आपल्याच राज्यात. मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर मांडली. १९७० मध्ये शासनाने त्यासाठी 'सिडको' ही संस्था स्थापिली. कल्पना दूरदृष्टीची होती, यात शंका नाही. परंतु ज्या भूमीवर ते शहर आखले गेले, तेथे ९५ गावे होती. भातशेती होती, मिठागरे होती, आगरी-कोळ्यांची घरे होती. भूमीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण घेतले. पुढे संपादित भूमीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचे धोरण आले. आज ते शहर देशातील नियोजित नगरांत गणले जाते. त्याच्या पायाखाली काय होते, हे मात्र शालेय पाठ्यपुस्तकातील नकाशा सांगत नाही.

मेळघाटातही भूमीवर रेषा ओढल्या गेल्या आहेत. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. गाभा क्षेत्रातील काही गावांचे पुनर्वसन अकोट परिसरात झाले. अकोला-खंडवा लोहमार्ग रुंद करताना तो वनातून न्यावा की वळसा घालून, यावर दीर्घ वाद झाला. वाघालाही जागा हवी आणि माणसालाही, म्हणून यातील कोणताच प्रश्न सोपा नाही. पण रेषा ओढण्यापूर्वी तेथे राहणाऱ्यांना विचारले गेले काय, हा प्रश्न मात्र सोपा आहे, आणि तो प्रत्येक वेळी विचारला पाहिजे. विचारल्यास काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील पायविहीर या गावी आहे. वनहक्क कायद्यान्वये २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने उजाड वनभूमीचे नियोजन स्वतः हाती घेतले, झाडे राखली आणि सीताफळांची विक्री उभी केली.

वर्गात घ्यावयाचा पाठ

हा खेळ शाळेत खेळू द्यावा, असे माझे मत आहे. मात्र त्याला पुढील चार पायऱ्यांची जोड द्यावी.

१. संगणक सुरू करण्यापूर्वी मुलांनी आपल्या गावाचा नकाशा कागदावर काढावा. त्यात पाणी, बाजार, दवाखाना, शाळा, सरपणाची वाट, गुरे चरण्याची जागा आणि स्मशानभूमी दाखवावी. आई ज्या वाटेने पाण्याला जाते, ती वाट अवश्य असावी.

२. खेळताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचे परिणाम वहीत नोंदवावेत. कर दोन टक्क्यांनी वाढविला तर काय झाले? वीजकेंद्र घरांपासून दूर नेले तर काय झाले?

३. चार मुलांचा गट करावा. एकाने नियोजक व्हावे, एकाने जुना शेतकरी, एकाने कामासाठी आलेला मजूर, एकाने वनरक्षक. नियोजकाने इतर तिघांची संमती घेतल्यावाचून एकही चौकोन साफ करू नये. खेळ संथ होतो आणि मुले भांडतात. त्या भांडणातच पाठ आहे.

४. शेवटी पहिल्या पायरीचा नकाशा शेजारी ठेवावा आणि विचारावे : आपले गाव जर या पडद्यावर असते, तर कोणत्या चौकोनात आले असते?

हा पाठ आम्ही एकदा घेऊन पाहिला. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेला विद्यार्थी त्या वेळी जुन्या शेतकऱ्याच्या भूमिकेत होता. नदीकाठची झाडी साफ करण्यास त्याने ठाम नकार दिला. कारण विचारता तो म्हणाला, "त्या झाडाईच्या खालून आमची वाट हाये." खेळाच्या नकाशात अशी वाट नव्हती. त्याने ती मनाने काढली होती.

समारोप

नगर उभारणाऱ्याचे दोन दृष्टान्त पाली वाङ्मयात आहेत. मिलिंदप्रश्नात भदन्त नागसेन एका कुशल स्थपतीचे वर्णन करतात. तो निर्दोष, सपाट जागा शोधतो, खडे व बुंधे काढतो, तट, वेशी, चौक, बाजार आखतो आणि निघून जातो. पुढे ते नगर माणसांनी भरते, आणि नगराकडे पाहून लोक त्याच्या कर्त्याचे कौशल्य ओळखतात. संयुत्त निकायातील नगरसुत्तात दुसरा दृष्टान्त आहे. अरण्यात फिरणाऱ्या एका माणसाला पूर्वीच्या लोकांनी मळलेली एक जुनी वाट दिसते. त्या वाटेने जाता जाता त्याला उद्याने व सरोवरे असलेले प्राचीन नगर सापडते. तो राजाला जाऊन सांगतो आणि ते नगर पुन्हा वसविले जाते. भगवंतांनी हा दृष्टान्त कार्यकारणाच्या शृंखलेचे निरूपण करताना दिला आहे.

संगणकावरील खेळ मुलाला पहिल्या दृष्टान्तातील स्थपती बनवितो, आणि ते कौशल्य त्याला अवश्य यावे. आपल्या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी काही जण उद्या अभियंते होतील, तलाठी होतील, नगरसेवक होतील, आणि खऱ्या नकाशावर खरी रेषा ओढतील. त्यांनी त्याआधी खाली उतरून तेथील जुनी वाट पाहावी, त्या वाटेने थोडे चालावे, आणि ती कोणाची आहे हे विचारावे. एवढी सवय येथे लागली, तर संगणक कक्षात गेलेला वेळ वाया गेला असे कोणत्याही पालकाला म्हणावे लागणार नाही.