वाट पाहून येतो

(मुळशी तालुक्यातील डोंगराळ रस्त्याने मोटारसायकलींची सहल नेण्याआधी लेखक आणि त्यांचे मामेभाऊ तो रस्ता तपासण्यासाठी गेले. त्या एका दिवसाचे वर्णन या पाठात आहे.)

मराठीत 'वाट पाहणे' म्हणजे कोणाच्या तरी येण्याची प्रतीक्षा करणे. उर्दूतही आपण 'राह देखना' म्हणतो, म्हणून हा वाक्प्रचार तुम्हांला परका वाटणार नाही. पण 'वाट पाहून येणे' याचा अर्थ वेगळा आहे. ज्या वाटेने उद्या सर्वांना न्यायचे आहे, ती वाट आज स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहणे. पूर्वीचे काफिले आणि फौजा मजल दरमजल करीत निघण्यापूर्वी पुढे माणसे पाठवीत. ती माणसे पाणी कोठे आहे, उतार कोठे आहे, मुक्काम कोठे करता येईल, याची खबर आणीत. 'मजल', 'मुक्काम' आणि 'खबर' हे तिन्ही शब्द मराठीत कोठून आले, हे तुम्हांला सांगायला नकोच.

आम्हां मित्रांची दरवर्षी दिवाळीच्या सुटीत मोटारसायकलींवरून सहल निघते. त्या वर्षी सात गाड्या निघणार होत्या आणि पाच लहान मुलेही बरोबर येणार होती. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी, तेथून आत वळून निवे, पिंपरी, भांबर्डे, आंबवणे अशा गावांतून लोणावळ्याला उतरायचे, हा बेत माझा होता. मोबाइलच्या नकाशावर ती रेघ फार सुंदर दिसत होती. मी सर्वांना ती रेघ दाखवली आणि सर्व तयार झाले.

माझे मामेभाऊ मात्र गप्प होते. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. त्यांचे गाड्या दुरुस्तीचे दुकान आहे. ते म्हणाले, "रेघेवर खड्डे दिसत नाहीत. रविवारी आपण दोघे जाऊन पाहून येऊ."

ऑक्टोबरचा महिना होता. पहाटे निघालो. मी एक वही बरोबर घेतली होती. भूगाव, पिरंगुट मागे टाकून पौडला पोचलो. पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. भाईजानांनी तेथे टाकी काठोकाठ भरली आणि मला ग्रामीण रुग्णालय कोठे आहे ते पाहून ठेवायला सांगितले. "आधी दवाखाना, मग धबधबा," ते म्हणाले. मला हसू आले. तरी मी वहीत लिहिले.

पौड सोडल्यावर थोड्या वेळाने डोंगरांच्या मध्ये पसरलेले मुळशीचे मोठे जलाशय दिसू लागते. रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळणे घेत जातो. एके ठिकाणी चहासाठी थांबलो. बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारले, "पाव्हणं, कुठं निघाले?" आम्ही सांगितले. मी सहज म्हणालो, "बाबा, रस्ता सरळ का नाही केला? किती वळणे आहेत!" ते पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सरळ वाट खाली हाय. पाण्यात."

या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर येथे धरण बांधण्याचे काम हाती घेतले. मावळातील सुपीक भातशेती आणि अनेक गावे त्यात बुडणार होती. शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. पुढे लोक त्यांना 'सेनापती बापट' म्हणू लागले, ते या लढ्यामुळेच. स्त्रिया, पुरुष, म्हातारी माणसे धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. लढा सुमारे तीन वर्षे चालला. परंतु धरण झाले आणि शेते, घरे, देवळे, जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. विजेचा दिवा लावताना मला आता कधी कधी ते बाबा आठवतात.

आणखी एक नवल ऐका. मुळा नदी पूर्वेकडे वाहते. पुण्यात ती मुठेला मिळते, पुढे भीमेला, मग कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. पण मुळशी धरणाचे पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळवले आहे. सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली, रायगड जिल्ह्यातील भिरा येथील वीजगृहात कोसळते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. चक्रे फिरवून झाली की तेच पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राकडे जाते. म्हणजे एका समुद्राचे पाणी माणसाने दुसऱ्या समुद्राला दिले!

ताम्हिणी घाटाच्या परिसरात पोचलो तेव्हा धुके पुरते विरले नव्हते. हा भाग २०१३ पासून अभयारण्य आहे. झाडांच्या शेंड्यावर राहणारा शेकरू येथे आढळतो. पाऊस तर विचारूच नका. पुण्यात वर्षभर मिळून सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसातच ५५० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. अशा पावसाने डोंगराची माती सैल होते, मोऱ्या तुंबतात, दगड रस्त्यावर येतात. म्हणूनच गेल्या वर्षी चांगला असलेला रस्ता या वर्षी तसाच असेल, असे घाटात कोणी समजू नये.

निव्याहून आत वळल्यावर रस्ता अरुंद झाला. मोबाइलची रेंज गेली. पिंपरीजवळ दरीच्या काठावर क्षणभर थांबलो. खाली कुंडलिकेची खोल दरी आणि घनदाट जंगल. या जंगलाला 'अंधारबन' म्हणतात आणि ते नाव शोभते. भाईजान दर थोड्या अंतरावर गाडी थांबवीत, वळणावर चालत जाऊन पाहत आणि मला लिहायला सांगत. 'उताराला कठडा नाही.' 'वळणावर बारीक खडी.' 'पंक्चर काढणारा नाही.' मी कंटाळलो होतो. लोणावळा मला दिसू लागला होता आणि हे गृहस्थ खडी मोजत होते!

पुढे रस्त्यावरून एक ओढा वाहत होता. पाणी घोट्याएवढे, अगदी निर्मळ. त्या वेळी गाडी मी चालवत होतो. भाईजान उतरले आणि म्हणाले, "थांब. पाण्यात चाक घालण्याआधी पाय घालून पाहावा. तळाला शेवाळ असते." मी म्हणालो, "एवढ्याशा पाण्याला काय घाबरायचे?" आणि गाडी पुढे घातली.

अर्ध्यावर मागचे चाक सरकले. मी घाबरून ब्रेक दाबला. तेथेच चूक झाली. गाडी आडवी झाली आणि माझा पाय खाली अडकला. डोक्यावर हेल्मेट होते, म्हणून कपाळ वाचले. पण घोट्यातून कळ निघाली आणि तापलेल्या सायलेन्सरचा चटका पोटरीला बसला.

भाईजान धावत आले. पलीकडून मोळी घेऊन येणाऱ्या एका बाईंनी मोळी टाकून दिली आणि गाडी उचलायला हात लावला. त्या म्हणाल्या, "दादा, आम्ही पन हितं चपला काढून चालतो. लई निसरडं हाय." त्यांनी ओढ्याचे गार पाणी चटक्यावर बराच वेळ ओतायला लावले. मी त्यांचे आभार मानले तेव्हा त्यांनी मोळी पुन्हा डोक्यावर घेतली होती.

भाईजान रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "वाट पाहायला आलो आणि वाट लागली!" मग त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. "दहा वाजून पाच मिनिटे. लिही. इथून पौडचा दवाखाना किती दूर आहे, ते आजच कळेल."

आम्ही मागे फिरलो. मी त्यांना घट्ट धरून मागे बसलो होतो. प्रत्येक खड्ड्याला घोटा ठणकत होता. उतारावर ते गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवीत, नुसत्या ब्रेकवर विसंबून राहत नसत. येताना जी वळणे सुंदर वाटली होती, ती आता संपता संपत नव्हती. मला एकच विचार छळत होता. माझ्या जागी माझा सात वर्षांचा भाचा मागे बसलेला असता तर?

दवाखान्याच्या दारात भाईजानांनी पुन्हा घड्याळ पाहिले. अकरा वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. दीड तास! हाड मोडले नव्हते. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि दहा दिवस विश्रांती घ्यायला सांगितले.

संध्याकाळी सर्व मित्र माझ्या घरी जमले. मी पाय उशीवर ठेवून बसलो होतो. खरे सांगू का? दुपारभर मी मनात एक गोष्ट रचत होतो. समोरून अचानक गुरे आली, म्हणून पडलो, अशी. पण वही टेबलावर पडली होती आणि भाईजान समोर बसले होते. मी वही उघडून सर्व वाचून दाखवले. खडी, कठडा, रेंज, दीड तास. भांबर्ड्यापासून पुढचा रस्ता पाहिलाच नाही, हेही सांगितले. एक मित्र नाराज होऊन म्हणाला, "तुम्हीच हा बेत केला आणि तुम्हीच मोडता?" मी म्हणालो, "होय. मी तेव्हा फक्त नकाशा पाहिला होता."

शेवटी ठरले की मुले बरोबर असताना मुख्य रस्त्याने ताम्हिणीपर्यंतच जायचे आणि त्याच रस्त्याने परतायचे. आतला रस्ता पुढे कधी तरी, मुलांना न घेता, आणि ओढा पायी पाहूनच.

सर्व गेल्यावर भाईजानांनी वही चाळली. म्हणाले, "एक राहिले. ओढ्यात पडलास ते लिहिलेस, का पडलास ते लिहिले नाहीस." मी पेन घेतले आणि लिहिले, 'तळाला शेवाळ. थांब म्हटले होते. थांबलो नाही.'

शब्दार्थ
मजल – एका दिवसाचा प्रवास, टप्पा
जलाशय – पाण्याचा मोठा साठा
मोरी – रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट
शेवाळ – पाण्यातील हिरवा, निसरडा थर (उर्दू : काई)
निसरडे – जेथे पाय घसरतो असे
मोळी – लाकडांचा बांधलेला भारा
विसंबून राहणे – भरवसा ठेवणे

स्वाध्याय
१. 'सरळ वाट खाली हाय. पाण्यात.' असे बाबा का म्हणाले?
२. मुळशी धरणाचे पाणी अरबी समुद्राला कसे मिळते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. भाईजानांनी अपघातानंतर घड्याळ का पाहिले?
४. लेखकाने मनात कोणती गोष्ट रचली होती? ती त्याने का सांगितली नाही, असे तुम्हांला वाटते?
५. 'वाट पाहणे', 'वाट लागणे', 'वाट चुकणे' यांचा वाक्यांत उपयोग करा. यांपैकी कोणत्या वाक्प्रचारासारखा वाक्प्रचार उर्दूत आहे?
६. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट पायी पाहून या आणि वहीत दहा नोंदी करा.