मशीन खराब की वायर? दोन आकडे मोजा, मग भांडा

व्हिडिओत क्लॅम्प मीटर दाखवला होता, त्यामागचं गणित इथे सावकाश लिहिते. गणित सातवी-आठवीचं आहे, घाबरू नका. माझं स्वतःचं बीबीए झालंय, इलेक्ट्रिकलशी काही संबंध नाही. तरी हे शिकावं लागलं, कारण एकदा चुकीच्या माणसाशी भांडून बसले होते.

सोलापुरात शेंगा चटणी विकणाऱ्याला दाणे भाजायचं काम रोजचंच. मी २००० वॅटचा ट्रे ओव्हन घेतला. विक्रेत्याकडे एक घाणा २० मिनिटांत निघाला होता, माझ्याकडे २८ मिनिटं लागायची. मला वाटलं, कमी पॉवरची कॉइल टाकून दिली. फोनवर नको ते बोलले आणि राहिलेला हप्ता थांबवला. शेवटी वायरमन काकांना बोलावलं, तर ते म्हणाले, "ताई, मशीनला शिव्या देऊ नका, आधी मोजू."

ओव्हन चालू असताना, म्हणजे थर्मोस्टॅटने कॉइल बंद केलेली नसताना, त्यांनी दोन आकडे घेतले. ओव्हनच्या प्लगपाशी २०० व्होल्ट आणि वायरीत ७.६ अॅम्पिअर.

आता दोन सूत्रं. व्होल्टला अॅम्पिअरने भागलं की रेझिस्टन्स मिळतो, तो ओहममध्ये. हाच ओहमचा नियम, जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला. आणि व्होल्ट गुणिले अॅम्पिअर केलं की पॉवर, म्हणजे वॅट.

आधी कंपनीच्या पाटीवरचं बघू. २००० वॅट, २३० व्होल्ट. म्हणजे करंट २००० ÷ २३० = ८.७ अॅम्पिअर, आणि रेझिस्टन्स २३० ÷ ८.७ = २६.४ ओहम.

आता माझ्या दुकानातलं. २०० ÷ ७.६ = २६.३ ओहम. जवळजवळ तोच आकडा! म्हणजे कॉइल जशी सांगितली तशीच होती. पण पॉवर? २०० × ७.६ = १५२० वॅट. पैसे २००० वॅटचे मोजले आणि उष्णता मिळत होती १५२० ची. व्होल्टेज १३ टक्के कमी, पण पॉवर २४ टक्के कमी, कारण व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो आणि दोन्हींचा गुणाकार होतो. इथे बरेच जण फसतात.

मग ३० व्होल्ट गेले कुठे? मेन बोर्डवर मोजलं तर २२२ होते. म्हणजे ८ व्होल्ट बाहेरूनच कमी, आणि २२ व्होल्ट माझ्याच दुकानात गायब. बोर्डपासून मागच्या खोलीपर्यंत ३० मीटर अर्धा एमएमची बारीक वायर, मध्ये दोन जोड, आणि प्लग सैल. २२ × ७.६ = १६७ वॅट. म्हणजे जुन्या १०० वॅटच्या दीड बल्बाइतकी उष्णता वायरीत आणि जोडांत निघत होती. प्लगला हात लावला तर चटका बसत होता. खाली चटणीचे खोके. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

अडीच एमएमची सलग वायर आणि १६ अॅम्पिअरचा सॉकेट बसवला. पुन्हा मोजलं: २१९ व्होल्ट, ८.३ अॅम्पिअर, म्हणजे १८१८ वॅट. घाणा २२ मिनिटांवर आला.

आता धंद्याचा हिशोब, जो मला कॉलेजात कुणी शिकवला नाही. रोज १२ घाणे धरा. बिलाचं मीटर बोर्डापाशी मोजतं, म्हणून तिथले २२२ व्होल्ट घ्यायचे. आधी २२२ × ७.६ = १६८७ वॅट, ५.६ तास, म्हणजे साधारण ९.४ युनिट. नंतर २२२ × ८.३ = १८४३ वॅट, ४.४ तास, म्हणजे ८.१ युनिट. ओव्हन जास्त वॅट ओढतोय आणि युनिट कमी पडतायत! शिवाय ओव्हनपाशी थांबणाऱ्या मावशींचा रोजचा सव्वा तास सुटला. खरी बचत ती आहे, युनिटची तर थोडकीच.

क्लॅम्प मीटर वापरताना फेज किंवा न्यूट्रल यातली एकच वायर त्यात घ्यायची. दोन्ही एकत्र घेतल्या तर आकडा शून्य दिसतो. पिन उघडायचं काम वायरमनलाच करू द्या, इथे स्वतःची हुशारी नको.

हे गणित कॉइलवाल्या मशीनला चालतं: ओव्हन, शेगडी, इस्त्री. यंत्रमाग, गिरणी, मिक्सर यांच्या मोटरला जसंच्या तसं लावू नका. मोटरचं व्होल्ट गुणिले अॅम्पिअर केलं की खऱ्या वॅटपेक्षा मोठा आकडा येतो, त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. आणि व्होल्टेज उतरलं तर लोडवर चालणारी मोटर उलट जास्त करंट ओढते आणि तापते. कॉइल मंद होते, मोटर जळते. आपल्याकडचे मागवाले हे अनुभवाने ओळखतात.

विक्रेत्याला फोन करून माफी मागितली, हप्ताही दिला. दुसरा ओव्हन त्याच्याकडूनच घ्यायचाय. पण दोन ओव्हन म्हणजे पूर्ण व्होल्टेजला १७.४ अॅम्पिअर, तो १६ च्या एका सॉकेटवर चालणार नाही. त्याला बोर्डपासून वेगळी लाइन लागेल, आणि बिलावरचा मंजूर भार आधी बघावा लागेल. माझ्या बिलावर ३ किलोवॅट आहे, दोन ओव्हनच ४ होतात. त्यामुळे पहिला अर्ज भार वाढवायचा, ओव्हनची ऑर्डर त्यानंतर.