शाळेचा निकाल कसा वाचावा?

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, कीं पहिला प्रश्न येतो तो हा : "तुमच्या शाळेचा निकाल शेंकडा किती?" उत्तर ऐकून आपण त्या शाळेस चांगली किंवा वाईट ठरवून मोकळे होतों. परंतु परीक्षेस बसलेलीं मुलें कोण होतीं, कोणत्या घरांतून आलीं होतीं, हें आपण क्वचितच विचारतों. या दुसऱ्या प्रश्नावांचून पहिल्याचें उत्तर अपुरें राहतें. हें अमेरिकेंतील सार्वजनिक ज्युनिअर हायस्कूलांच्या उदाहरणावरून पाहूं.

ज्युनिअर हायस्कूल ही प्राथमिक शाळा व हायस्कूल यांमधील पायरी होय. अशी पहिली शाळा म्हणून जी ओळखली जाते, ती ओहायो राज्यांतील कोलंबस शहरीं १९०९ सालीं निघाली. सातवी, आठवी व नववी हे तिचे वर्ग. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अशा पुष्कळ शाळांचें रूपांतर सहावी ते आठवीच्या 'मिडल स्कूल'मध्यें झालें. सार्वजनिक शाळा करांच्या पैशावर चालते. तेथें फी नसते, व बहुधा ठराविक वस्तींतील मुलेंच तींत जातात. म्हणून जशी वस्ती, तसा शाळेचा पट.

हा पट कसा मोजतात? वंश, घरची भाषा, अपंगत्व व गरिबी यांप्रमाणें मुलांची नोंद होते. गरिबी मोजण्याची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. १९४६ च्या कायद्यानें तेथील शाळांतून दुपारच्या जेवणाची योजना सुरू झाली. पुढें घरचें उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असलेल्या मुलांस तें जेवण फुकट, व १८५ टक्क्यांपर्यंत असलेल्यांस सवलतीनें मिळूं लागलें. अशा मुलांची संख्या हेंच शाळेंतील गरिबीचें माप ठरलें. परंतु २०१० च्या कायद्यानें गरीब वस्तींतील शाळांस सरसकट सर्व मुलांस फुकट जेवण देण्याची मुभा मिळाली. तेव्हांपासून हें माप अंधुक झालें आहे. कोणताहि आंकडा वाचण्यापूर्वीं तो कसा तयार झाला, हें पाहावें तें याचसाठीं.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. 'अ' व 'ब' अशा दोन शाळा. प्रत्येकींत १०० मुलें. 'अ' शाळेंत सुस्थितींतील ८० व गरीब घरचीं २०. सुस्थितींतील ६४ व गरीब ८ उत्तीर्ण झालीं, एकूण ७२. 'ब' शाळेंत सुस्थितींतील २० व गरीब घरचीं ८०. त्यांतील अनुक्रमें १८ व ४० उत्तीर्ण झालीं, एकूण ५८. पाहणारा म्हणेल, 'अ' शाळा उत्तम. परंतु गट वेगळे करून पाहा. सुस्थितींतील मुलांत 'अ'चा निकाल शेंकडा ८०, 'ब'चा ९०. गरीब मुलांत 'अ'चा ४०, 'ब'चा ५०. दोन्ही गटांत 'ब' पुढें, आणि एकूण निकालांत मात्र मागें ! शिवाय 'अ' शाळेंतील २० गरीब मुलांपैकीं १२ नापास झालीं, हें दुःख ७२ या आंकड्याआड दडून राहिलें.

घरच्या परिस्थितीचें हें वजन खरोखर केवढें आहे? १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यान्वयें समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनीं सुमारें ४,००० शाळांची व सहा लाखांच्या आसपास मुलांची पाहणी केली. तिचा अहवाल १९६६ सालीं निघाला. मुलांच्या यशांतील फरक शाळेच्या इमारतीपेक्षां व साधनांपेक्षां घरच्या परिस्थितीशीं अधिक निगडित आहे, असें त्यांत आढळलें. कांहींनीं यावरून 'शाळा कांहींच करूं शकत नाहीं' असा अर्थ काढला. तो चुकीचा आहे. ज्यांस घरचा आधार कमी, अशा अल्पसंख्य समाजांतील मुलांच्या यशावर शाळेचा व शिक्षकांचा परिणाम इतरांपेक्षां अधिक होतो, हेंहि त्याच अहवालांत आहे.

म्हणून २००२ सालीं अमलांत आलेल्या कायद्यानें तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षीं परीक्षा घेऊन प्रत्येक गटाचा निकाल निराळा जाहीर करणें शाळांवर बंधनकारक केलें. २०१४ पर्यंत सर्व मुलें ठराविक पातळीस पोंचावीत, हा त्याचा हेतु सिद्धीस गेला नाहीं, व २०१५ सालीं त्याची जागा दुसऱ्या कायद्यानें घेतली. तरी गटवार निकालाची पद्धत राहिली. तींतहि सावधपणा हवा. इंग्रजी शिकत असलेल्या मुलांचा गट घ्या : ज्यास भाषा चांगली येऊं लागते, तो गटांतून बाहेर पडतो, आणि नवा आलेला आंत येतो. मग त्या गटाचा निकाल नेहमींच कमी दिसणार !

आणखी एक गट असा, कीं जो निकालांत दिसतच नाहीं. कारण त्यास दाराशींच अडविलेलें असतें. कॅन्सस राज्यांतील टोपेका शहरीं गोरीं मुलें सातवीपासून ज्युनिअर हायस्कुलांत जात. कृष्णवर्णीय मुलांस मात्र आठवीपर्यंत प्राथमिक शाळेंतच ठेवीत. १९४१ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें हें समतेस धरून नाहीं, असा निर्णय दिला. आपल्याकडे महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें : सरकारचा महसूल रयतेच्या कष्टांतून येतो, आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गांच्या पदरीं पडतें.

पालकहो, शाळा निवडतांना शेंकडा आंकड्यावरच विसंबूं नका. मूल कोठून निघालें व शाळेनें त्यास कोठवर नेलें, तें विचारा. शिक्षकांनींहि घरच्या गरिबीची सबब पुढें करूं नये. 'ब' शाळेचें उदाहरण त्यांच्यासाठींच आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, गटाचा आंकडा हें कोणाचें भविष्य नव्हे. 'ब' शाळेंतील गरीब घरचीं ४० मुलें उत्तीर्ण झालीं. त्यांतील एकाच्याहि कपाळीं पूर्वीं तसें लिहिलेलें नव्हतें.

अभ्यासासाठीं : (१) 'अ' व 'ब' शाळांतील सर्व आंकडे कोष्टकांत मांडा. (२) दोन्ही शाळांत प्रत्येक गटाचीं ५० मुलें असतीं, तर एकूण निकाल किती लागला असता?