अलाइनमेंट बसत नसेल तर आधी गाडीखाली वाका

सावद्याहून केळीचा माल भरून रात्री येत होतो. भुसावळ, साकेगाव मागे पडलं. नशिराबादच्या फाट्यावर महामार्ग 53, म्हणजे आपला जुना 6 नंबर, सोडताना पिकअपचं डावं पुढचं चाक अंधारात खड्ड्यात धाडकन आदळलं. टायर फुटला नाही, रिम वाकली नाही, म्हणून मी खाली उतरून पाहिलंच नाही. ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. जळगावात अलाइनमेंट करून घेतलं. स्क्रीनवर टो हिरवा झाला, पण डाव्या चाकाचे कॅम्बर आणि कॅस्टर लालच राहिले. "चालून जाईल" म्हणाले आणि मीही गाडी घेऊन आलो. ही दुसरी चूक. अडीच महिन्यांत डाव्या टायरची बाहेरची कड घासून तारा दिसायला लागल्या; आतल्या बाजूची नक्षी मात्र जवळपास नवी. दुसरा टायर टाकला, पुन्हा अलाइनमेंट केलं. तोही तसाच गेला.

मग एका जुन्या मिस्तरींकडे गेलो. त्यांनी टायर आणि मडगार्डची मागची कड यांच्या फटीत बोटं घातली. उजवीकडे चार बोटं बसली, डावीकडे जेमतेम तीन. म्हणाले, "भाऊ, चाक मागे सरकलंय. नट फिरवून ते पुढे येणार नाही."

टो हा टाय रॉड फिरवून जुळतो. कॅम्बर आणि कॅस्टर मात्र आर्म, बॉल जॉइंट, बुश आणि चेसिसवरचा ब्रॅकेट जागेवर आहेत की नाहीत यावर ठरतात. शिमने किंवा कॅम बोल्टने थोडाच फरक काढता येतो. माझा लोअर आर्म मागे आणि आत दबला होता. त्यामुळे चाकाचा तळ आत गेला, माथा बाहेर झुकला आणि सगळा भार बाहेरच्या कडेवर आला. आर्म नवा टाकला तरी कॅस्टर पूर्ण आला नाही. मिस्तरींनी चेसिसच्या मागच्या भोकापासून दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटपर्यंत टेप लावला. डावीकडे 9 मिलिमीटर कमी भरले. चेसिसचं काम करणाऱ्याकडून तो ब्रॅकेट ओढून घेतला, तेव्हा कुठे तिन्ही आकडे हिरवे झाले.

म्हणून सांगतो, अलाइनमेंटच्या आधी एवढं तपासून घ्या.

चारही टायरची हवा सारखी करा. गाडी जॅकवर उचलून खाली घोडी लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग बघा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉड एंड बघा. बुश फाटलेत का, शॉकअपचा दांडा वाकलाय का, तेही पाहा. मागे पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला असेल तर अख्खा ॲक्सल सरकतो. मग पुढचं कितीही जुळवलं तरी गाडी तिरकी चालते.

वाकलेला आर्म गॅसवर तापवून सरळ करून देणारे भेटतील. तसं करू देऊ नका. तापवल्याने लोखंडाची मूळ ताकद जाते, आणि भरल्या गाडीत तो आर्म तुटला तर चाक आडवं होतं. आर्म नवाच टाका आणि स्प्लिट पिनही नवी घाला. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

सगळ्यात शेवटी अलाइनमेंट करा. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. माझे दोन टायर गेले, पण भरल्या गाडीत चाक निसटलं नाही, हे नशीब. केळी ओढणाऱ्या माझ्या प्रत्येक भावाला हात जोडून सांगणं आहे: स्क्रीनवर एक जरी आकडा लाल असला तर कारण विचारा, आणि ते सापडेपर्यंत गाडीत माल भरू नका.