ब्रिटिश पासपोर्ट आहे, पण ब्रिटनचा हक्क नाही: नागरिकत्वाला खर्च किती?

नोकरी-धंद्यासाठी केनिया, युगांडा, टांझानियात गेलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांत गुजराती मंडळी जास्त असली, तरी काही घरे मराठी आणि गोवेकरांचीही होती. त्यांतल्या एखाद्या घरातल्या कपाटात आजही ब्रिटिश पासपोर्ट निघतो. आत राष्ट्रीयत्वापुढे ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’ असे छापलेले असते. हा पासपोर्ट खरा आहे, पण त्यावर ब्रिटनमध्ये कायमचे राहता येत नाही आणि तो सहसा मुलांनाही मिळत नाही. 1968 च्या कायद्याने या लोकांची ब्रिटनची वाट अडवली, 1 जानेवारी 1983 पासून त्यांना हे नवे नाव मिळाले आणि दरवर्षी मोजक्या कुटुंबप्रमुखांना घेणारी व्हाउचर योजनाही 5 मार्च 2002 रोजी बंद झाली.

पूर्ण नागरिक व्हायचे तर आता मुख्यतः दोन वाटा उरतात. अर्जाची फी दोन्हीकडे सारखीच आहे, एकूण खर्च मात्र एकीकडे दोनेक लाख रुपये तर दुसरीकडे अकरा लाखांच्या पुढे. त्यामुळे फीचा तक्ता उघडण्याआधी आपली वाट कोणती हे ठरवा.

स्वस्त वाट

ज्याच्याकडे दुसऱ्या कुठल्याही देशाचे नागरिकत्व नाही, त्याच्यासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीयत्व कायद्यात कलम 4बी आहे. ते 30 एप्रिल 2003 पासून लागू झाले. ब्रिटनमध्ये राहिलेले असण्याची अट नाही, पुण्यात किंवा मडगावात बसून अर्ज करता येतो. अट एकच, पण कडक: दुसरे नागरिकत्व आज नसावे आणि 4 जुलै 2002 नंतर आपण ते सोडलेले किंवा आपल्या हयगयीने घालवलेलेही नसावे. (हाँगकाँगच्या ‘ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज’ लोकांसाठी हीच तारीख 19 मार्च 2009 आहे.)

ही अट दोनदा वाचा. असाच ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मलेशियातल्या बऱ्याच जणांनी आधी मलेशियाचे नागरिकत्व सोडले आणि मग ब्रिटनकडे अर्ज केला. ना हे राहिले ना ते मिळाले. ‘तुम्ही आधी पासपोर्ट सरेंडर करा, पुढचे आम्ही बघतो’ असे सांगणाऱ्या एजंटाच्या ऑफिसातून लगेच उठावे.

भारतात राहणाऱ्यांची गाडी वेगळ्याच ठिकाणी अडते. समजा, एक बाई 1961 साली नैरोबीत जन्मल्या आणि त्यांचे वडील रत्नागिरीहून तिकडे गेलेले होते. बाईंनी कधीच भारतीय पासपोर्ट काढला नाही, म्हणून आपण भारतीय नाही असे त्या धरून चालतात. पण 1955 च्या आपल्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशात जन्मलेले मूल वडिलांमुळे भारतीय ठरू शकत होते. म्हणजे प्रश्न असा की बाईंच्या जन्माच्या दिवशी वडिलांकडे कोणता पासपोर्ट होता? भारतीय असेल तर 4बीचा दरवाजा बहुधा बंदच. ब्रिटिश असेल तर आशा आहे. आणि दुसऱ्या एखाद्या घरात वडीलही केनियातच जन्मलेले असतील, तर 12 डिसेंबर 1963 ला केनिया स्वतंत्र झाला तेव्हा मुलगी आपोआप केनियाची नागरिक झाली असण्याची शक्यता मोठी.

मतदार ओळखपत्रही तपासा. आधार कार्ड रहिवाशाला मिळते, त्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही. मतदार यादीचा अर्ज भरताना मात्र ‘मी भारताचा नागरिक आहे’ अशी सही आपण केलेली असते. ते कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून ‘मला कुठलेच नागरिकत्व नाही’ असे ब्रिटनच्या गृहखात्याला, म्हणजे होम ऑफिसला, लिहिणे म्हणजे दोन सरकारांपुढे दोन वेगळी विधाने करणे.

आता पैसे. पुढचे आकडे एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या दरांचे आहेत. हे दर बहुतेक दर एप्रिलला बदलतात, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहावेत. प्रौढ व्यक्तीच्या नोंदणीची फी 1,446 पौंड आणि नागरिकत्वाच्या शपथविधीचे 130, म्हणजे 1,576 पौंड. पौंड 115 रुपयांचा धरला तर 1 लाख 81 हजार. अर्ज नामंजूर झाला तर शपथविधीचे 130 परत मिळतात, 1,446 गेले ते गेले. म्हणूनच अर्जाआधी कागद गोळा करण्यावर वीस-तीस हजार गेले तरी मी ते वाया गेले असे म्हणणार नाही.

कागद म्हणजे जुना-नवा ब्रिटिश पासपोर्ट, नैरोबी किंवा मोम्बासाचा जन्मदाखला, वडिलांचा जन्माचा पुरावा, आणि केनिया व भारत या दोन्ही देशांकडून ‘ही व्यक्ती आमची नागरिक नाही’ असे पत्र. हे शेवटचे मिळवायलाच सर्वाधिक वेळ लागतो. वडिलांचा दाखला ग्रामपंचायतीचा, मराठीतला असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल.

बाईचे नाव

यावर जरा थांबायला हवे, कारण मराठी अर्जात घोळ होतो तो इथेच. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नावही बदलते. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते. काही घरांत पहिले नावही बदललेले असते. ब्रिटनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला जन्मदाखल्यावरची कुसुम विष्णू आणि पासपोर्टवरची माधवी रमेश या दोन वेगळ्या बायका दिसतात. त्यात नैरोबीच्या कारकुनाने आडनावाचे स्पेलिंग आपल्या मनाने केलेले असते. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा निदान नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र, जे असेल ते लावा आणि सोबत एका कागदावर सगळी नावे तारखांनिशी लिहून द्या. खर्च किरकोळ आहे. तो वाचवायला गेलात तर 1,446 पौंडांचा अर्ज पणाला लागतो.

महागडी वाट

दुसरे नागरिकत्व असेल, तर कलम 4(2) उरते. त्यासाठी ब्रिटनमध्ये पाच वर्षे राहिलेले असावे लागते. त्या पाच वर्षांत देशाबाहेर एकूण 450 दिवसांपेक्षा जास्त नाही, शेवटच्या वर्षात 90 पेक्षा जास्त नाही, आणि शेवटचे बारा महिने व्हिसाच्या मुदतीचे बंधन नसावे. अर्ज पोहोचतो त्याच्या बरोबर पाच वर्षे आधीच्या दिवशी तुम्ही ब्रिटनमध्ये हजर असावे, ही अट लोक विसरतात. त्या दिवशी आपण भारतात लग्नाला आलो होतो हे नंतर जुन्या शिक्क्यांवरून कळते.

फी इथेही 1,446 अधिक 130. पैसे जातात ते तिथवर पोहोचण्यात. व्हिसावर असताना आरोग्य सेवेचा अधिभार प्रौढाला वर्षाला 1,035 पौंड, पाच वर्षांचे 5,175. कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला तिकडे सगळे ‘आयएलआर’ म्हणतात, 3,029. ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा 50. शेवटी पासपोर्ट, ब्रिटनमधून ऑनलाइन काढला तर 94.50. सगळे मिळून सुमारे 9,925 पौंड, म्हणजे साधारण 11 लाख 40 हजार रुपये, आणि यात व्हिसाची फी, इंग्रजीची परीक्षा व वकील धरलेले नाहीत. शिवाय कामाच्या व्हिसावरची पाच वर्षांची मुदत दहा करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारने 2025 मध्ये मांडला. तसे झाले तर याच दराने नुसता अधिभारच 10,350 पौंड होईल.

साठी ओलांडून पुण्यात राहणाऱ्या माणसासाठी ही वाट कागदावरचीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा खरा उपयोग आधीच तिकडे स्थायिक झालेल्यांना, आणि 31 जानेवारी 2021 पासून खास व्हिसावर आलेल्या हाँगकाँगवाल्यांना. त्यांना एक गोष्ट हमखास कुणी सांगत नाही: सर्वसाधारण परदेशी माणसासारखा नॅचरलायझेशनचा अर्ज करू नका. त्याची फी शपथविधी सोडून 1,605 पौंड आहे. आधीच कुठल्या तरी प्रकारचे ब्रिटिश राष्ट्रीयत्व असलेल्याला नोंदणीचा अर्ज खुला असतो. त्यात 159 पौंड वाचतात आणि या टप्प्यावर ‘लाइफ इन द यूके’ची अटही नसते.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नोंदणीची फी 1,214 पौंड. ती परवडतच नसेल तर माफीचा अर्ज करता येतो, ही सोय 2022 पासून आहे. मोठ्यांना या नोंदणीत तशी सोय नाही.

सल्लागार लागलाच, तर ब्रिटनमध्ये पैसे घेऊन असा सल्ला देणारा सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर तरी असावा, नाहीतर ‘इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी’च्या यादीत त्याचे नाव असावे. यादी खुली आहे, दोन मिनिटांत पाहता येते. साध्या, कागद पूर्ण असलेल्या 4(2) च्या अर्जाला वकिलाची गरज सहसा नसते. 4बीमध्ये वडिलांच्या नागरिकत्वाचा गुंता असेल तर तासाभराचा सल्ला जरूर विकत घ्यावा, अर्ज मात्र स्वतः भरावा.

निर्णयाला साधारण सहा महिने धरा. मंजुरीचे पत्र आल्यावर तीन महिन्यांत शपथ घ्यावी लागते, त्यामुळे त्या काळात लांबचा प्रवास ठरवू नका. तोवर तुमच्याकडे भारतीय नागरिकत्व असेल तर ते ब्रिटिश झाल्यावर संपते आणि भारतीय पासपोर्ट रीतसर परत करावा लागतो. पुढे भारतात ये-जा करायला ओसीआय कार्ड घेणार असाल तर भारतातून 15,000 रुपये, परदेशातून 275 डॉलर आणखी बाजूला ठेवा.